पाठमोऱ्या आसनाची हकीकत

श्री. ज्याणें आखाड्याची माती उत्पन्न केली, आणि ती माती कपाळीं लावणारें माणूसही त्याच मातीचें केलें, त्या आदिपुरुषास नमन. तदनंतर सरस्वतीस नमन, कीं जें घडलें तेंच लेखणींतून उतरावें, पदरचें उतरूं नये. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भृगुवासरीं, खासा स्वारी सयाम देशीं असतां जो प्रकार जाहला तो येथें लिहिला आहे. राज्याचें नांव लिहूं नये ऐसी आज्ञा जाहली, सबब लिहिलें नाहीं.

त्या राज्याचे धनी श्रीमंत सरकार हे स्वभावें मऊ, शरीरें स्थूल, आणि देशोदेशींचीं नवलें पाहण्याची त्यांस बहुत हौस. त्या सालीं सयाम देशाहून पत्र आलें कीं, राजधानीपासून चार घटका उत्तरेस, भातखाचरांच्या मध्यें एक गांव आहे, तेथें त्या देशाची पुरातन युद्धविद्या जतन केली आहे, मल्ल दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन पाय ऐशीं अंगचींच आठ हत्यारें घेऊन लढतात, त्या विद्येस मुय म्हणतात, आणि पाहुण्यांस सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत सर्व दाखवून जेवूंही घालतात. पत्र ऐकोन सरकार संतोष पावले, आणि दहा माणसांची याद जाहली, आणि मग यादीवर शिक्का पडणार इतक्यांत कोंडाबाई वस्ताद दरबारांत येऊन उभ्या राहिल्या. या बाई राज्याच्या तालमींत पट्टा, लाठी आणि भाला शिकवीत, वय सहासष्ट, पाठ ताठ, बोलणें मोजकें. आणि नेमणूक जाहल्यापासून त्यांनीं दरबाराकडे कधीं कांहीं मागितलें नव्हतें.

बाई म्हणाल्या, "सरकार, मलाही न्यावें."

सरकारांनीं विचारिलें, "बाई, तुम्ही नदीपलीकडे कधीं पाऊल टाकलें नाहींत. सयामास काय काम काढलें?"

"काम नाहीं. पाहून यायचें आहे."

सरकारांनीं पुढें विचारिलें नाहीं, कारण जें विचारावयाचें तें साऱ्या राज्यास ठाऊक होतें. बाईंस एकच मुलगा, सिदोजी, पट्ट्यांत बापापेक्षां सरस आणि आईपेक्षां उणा ऐसा त्याचा लौकिक. चोवीस वर्षांमागें दसऱ्याचे दिवशीं शेजारच्या राज्याच्या पटाईताशीं त्याचा सामना ठरला, आणि मैदानांत उतरण्यापूर्वीं तो आईच्या पायां पडला, तेव्हां चार लोकांदेखत बाई बोलून गेल्या कीं, "हरून आलास तर मला तोंड दाखवूं नकोस." हें बोलणें आखाड्यांतलें. वस्ताद बोलतो आणि विसरतो, चेला ऐकतो आणि विसरतो. परंतु सामना चालतां प्रतिपक्षी पाय घसरून पडला, सिदोजीनें हात आवरिला, त्यास उठूं दिलें, आणि उठल्यावर त्याणेंच सिदोजीस हरविलें. सिदोजीनें पट्टा मातींत ठेविला, माती कपाळीं लाविली, आणि मैदानाच्या ज्या अंगास घर नव्हतें त्या अंगास चालता जाहला. बाईंनीं घरीं भाकऱ्या भाजून ठेविल्या होत्या, कीं पोर रुसून येईल, दोन घांस खाईल आणि निजेल. तो आला नाहीं. दुसरे दिवशींही आला नाहीं. पुढें बारा वर्षांनीं एका दर्यावर्दीनें सांगितलें कीं, सयामांत भातखाचरांतल्या एका गांवीं आपल्या बोलीचा एक माणूस मल्लांस शिकवितो. बाईंनीं ऐकून घेतलें आणि उठून मुलांस लाठी शिकवूं गेल्या. परंतु त्या दिवसापासून चेल्यांस शिव्या देणें त्यांनीं सोडिलें, ऐसें तालमीचे जुने लोक सांगतात.

मग अकरावें माणूस यादींत घातलें, आणि स्वारी विमानांत बसून एका प्रहरांत समुद्र ओलांडून गेली, आणि सयामच्या राजधानींत दोन मुक्काम जाहले, आणि पंचमीस सकाळीं मोटारींतून गांवाकडे कूच केलें. वाट सरळ, दोहीं अंगांस कापणीस आलेलीं भातें, मध्यें मध्यें पांढरे बगळे. गांवाच्या तोंडाशीं लांकडी कमान, आंत झाडलोट केलेलें विस्तीर्ण अंगण, अंगणांत चार खांबांस दोर बांधून केलेला चौकोनी आखाडा, भोंवतीं गवताच्या छपराखालीं पाहुण्यांचीं बांकें, आणि एका अंगास बांबूची भिंत. दाराशीं खांबावर पक्ष्याच्या घरट्याएवढें देऊळ, तें जागेच्या राखणदाराचें, त्याजपुढें फुलें, भात आणि तांबड्या सरबताची बाटली, बाटलींत नळी घालून ठेविलेली. सरकारांनीं कौतुकानें विचारिलें कीं ही नळी कशास, तेव्हां दुभाष्यानें सांगितलें, "पिणाऱ्यास सोईचें पडावें म्हणून." सरकार हंसले. दुभाष्या हंसला नाहीं.

गांवच्या वतीनें बुनमी म्हणून एक वृद्ध गृहस्थ सामोरे आले. हे मल्ल नव्हेत, आखाड्याचे सनईवाले. त्या देशीं सनई आणि ढोल वाजल्यावांचून मल्ल लढत नाहीं, आणि सनई जशी चढते तशी लढाई चढते. बुनमींनीं हात जोडून सर्वांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा घातल्या, आणि कोंडाबाईंच्या पुढें आले तेव्हां माळ हातांतच धरून क्षणभर उभे राहिले, मग ती गळ्यांत न घालतां दोहीं हातांवर ठेवून पुढें केली, जशी वडील माणसास देतात. बाईंनीं माळ घेतली आणि कांहीं विचारिलें नाहीं.

मग खेळ सुरू जाहले. दुहेरी तरवारीवाले आले, लाठीवाले आले, कोपरांस लांकडी ढाली बांधलेला एक मनुष्य दोन लाठ्यांविरुद्ध रिकाम्या हातानें लढला, आणि सरकारांनीं वारंवार वाहवा केली. कोंडाबाई मात्र खेळ पाहात नव्हत्या, माणसें पाहात होत्या. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बांबूच्या भिंतीपाशीं वेताचें एक बुटकें आसन आहे, त्याजवर धूत पांढरें वस्त्र घातलें आहे, आणि आखाड्यांतून उतरणारा प्रत्येक मल्ल तेथें येऊन वांकतो, जवळून जाणारा मनुष्य अंग चोरून जातो, आणि त्या बाजूस कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, घरांत कोणी निजलें असतां बोलत नाहींत तसें. आसनावर कोणी नव्हतें. दुसरें हें ध्यानांत आलें कीं, आसन भिंतीकडे तोंड करून ठेविलें होतें. खेळ पाहावयाचे तर आखाड्याकडे पाठ करून कोण बसतो?

इतक्यांत ऊन चढलें आणि सरकारांस बांकावर बसून कंटाळा आला. त्यांनीं तें वेताचें आसन पाहिलें, मोकळें आहे, सावलींतही आहे, म्हणून उठून तिकडे चालूं लागले. ते चार पावलांवर येतां सनई थांबली. मग ढोल थांबले. मग आखाड्यांत लढणारे दोघे जसे होते तसे थांबले, एकाची लाठी वर उगारलेली ती वरच राहिली. बुनमी सनई खालीं ठेवून सावकाश आले आणि दुभाष्याकरवीं नम्रपणें म्हणाले, "महाराज, क्षमा असावी. तेथें बसले आहेत."

सरकारांनीं आसनाकडे पाहिलें, मग बुनमींकडे पाहिलें. सरकार जातीचे सभ्य. रिकाम्या आसनास उद्देशून म्हणाले, "माफ करावें, ध्यानांत आलें नाहीं," आणि परत येऊन आपल्या बांकावर बसले, आणि मग बराच वेळ त्यांनीं वाहवा केली नाहीं.

दोन प्रहर जाहले. भर दुपारची वेळ वाईट म्हणून आपल्याकडेही म्हातारीं माणसें पोरांस पिंपळाखालीं जाऊं देत नाहींत. सूर्य माथ्यावर आला आणि खांबांच्या सावल्या खांबांच्या पायांशीं गोळा जाहल्या, माणसांच्या माणसांच्या पायांशीं. कोंडाबाईंनीं आसनाकडे पाहिलें. त्या आसनापासून एक सावली निघून अंगणांत लांब पडली होती, दिवस मावळतेवेळीं पडते तशी, आणि ती आसनाची नव्हती, तिला खांदे होते. बाईंनीं शेजारच्या चिटणिसास दाखविण्यास हात उचलला, आणि मग काय मनांत आलें, तो मांडीवर परत ठेविला.

मग सनई मंद सुरांत लागली आणि एक स्त्री दोरांवरून आखाड्यांत उतरली. वय अठ्ठावीस, अंगानें सडपातळ, दोहीं हातांस कोपरापर्यंत सुताची दोरी गुंडाळलेली, आणि मस्तकीं दोरीचेंच विणलेलें कडें, मागें शेपटासारखी गांठ. त्या कड्यास तेथील लोक मोंगकोन म्हणतात, आपला मंगल शब्दच तो. रिवाज ऐसा कीं, गुरूनें आपल्या हातें मंगल शिष्याच्या मस्तकीं घालावा, शिष्यानें तो घालून आखाड्याभोंवतीं फिरून नाचत गुरुवंदन करावें, आणि मग गुरूनेंच तो काढावा, तेव्हां लढाईस आरंभ. या स्त्रीचें नांव पिकुन, म्हणजे आपल्याकडील बकुळ. ती चारी कोपऱ्यांस वांकली, गुडघ्यावर बसून पंखासारखे हात फिरविले, आणि शेवटीं पश्चिमेस तोंड करून भुईस हात लाविला, हात कपाळीं लाविला, आणि ओठांतल्या ओठांत बोलूं लागली. बोलणें हळू होतें, परंतु सनई त्या क्षणीं दम घेत होती, म्हणून ऐकूं आलें.

"मातीला नमस्कार. मातेला नमस्कार. मारीन तें तिचें, मार खाईन तो माझा."

उच्चार परक्या जिभेचे, "माझा" म्हणतांना "माचा" ऐसें म्हणे, परंतु शब्द आपल्या बोलीचे, आणि हे शब्द एकाच तालमींत शिकवितात, आणि ते रचले कोंडाबाईंनीं. बाई उठून उभ्या राहिल्या. पिकुननें वंदन पुरें केलें, आणि मग लढावयास उभी न राहतां जशी आली तशीच दोरांवरून उतरून निघाली, आणि तिच्या जागीं दुसरीच मुलगी लढावयास चढली. मंगल पिकुनच्या मस्तकीं तसाच होता.

कोंडाबाईंनीं तिला वाटेंत गांठलें आणि विचारिलें, "पोरी, हे शब्द तुला कोणी दिले?"

पिकुन थबकली. मग मोडक्यातोडक्या आपल्या बोलींत, परंतु हेल अगदीं सिदोजीचा, ऐशी म्हणाली, "गुरुजींनीं दिले. तुम्ही त्यांची आई. सकाळीं आम्हांस कळलें."

"कसें कळलें?"

"सकाळीं आसन मांडलें तें आखाड्याकडे तोंड करून. रोज तसेंच मांडतों. तुमची गाडी कमानींत आली, तेव्हां पाहिलें तर भिंतीकडे. तीनदां सरळ केलें. तीनदां फिरलें." पिकुननें मान खालीं घातली. "गुरुजी म्हणत, आई कधीं आलीच तर मी तोंड लपवीन. मी हरलेला आहें. आईची आज्ञा आहे."

बाई आखाड्याच्या खांबास धरून खालीं बसल्या. सरकार स्वतः उठून आले, बुनमी आले, पाणी आणविलें, आणि मग बुनमींनीं सर्व वर्तमान सांगितलें, दुभाष्या सांगत गेला आणि चिटणीस लिहीत गेला. सिदोजी गांवीं आला तो उपाशी आला, तेथल्या एका वृद्ध मल्लाच्या हाताखालीं मुय शिकला, पुढें तो मल्ल निवर्तल्यावर गांवानें सिदोजीसच गुरू केलें. गांवास या विद्येमुळें पाहुणे येऊं लागले ते त्याच्याच हयातींत. अकरा वर्षांमागें पिकुनची पहिली लढाई होती. सिदोजीनें तिच्या मस्तकीं मंगल घातला, आपल्या आईचें नांव घेऊन घातला, "लढून ये, मी बसलों आहें," ऐसें म्हणाला, आणि त्या वेताच्या आसनावर जाऊन बसला. पिकुन नाचून मंगल काढावयास त्याजपुढें आली तेव्हां तो बसलेलाच होता, परंतु जिवंत नव्हता. छातीवर एक हात, एवढीच काय ती खूण.

बुनमी म्हणाले, "दहन केलें, अस्थी नदीस दिल्या, सर्व यथासांग जाहलें. चौथ्या दिवशीं मी सनई लाविली आणि आसन करकरलें, कोणी भारी माणूस बसल्यावर करकरतें तसें. तेव्हांपासून ते बसतात. त्यांनीं म्हटलें होतें, मी बसलों आहें. शब्दाचे पक्के."

"आणि हा मंगल?" सरकारांनीं विचारिलें.

"ज्याच्या नांवानें घातला त्यानें काढावा, किंवा घालणाऱ्यानें. घालणारा गेला. मी एकदां काढावयास हात लाविला, तर महिनाभर माझीं बोटें लांकडासारखीं राहिलीं, सनई वाजेना. दुसरे दोघांनीं लाविला, त्यांची गत सांगत नाहीं. पोर स्नान करते ती मंगल घालून, निजते ती मंगल घालून. लग्नास कोणी तयार नाहीं. रोज वंदन करते आणि उतरते, कारण मंगल मस्तकीं असतां मारूं नये आणि मार खाऊं नये."

पिकुन म्हणाली, "अकरा वर्षें मी पहिल्या लढाईच्या दारांत उभी आहें."

अंगणांतल्या पाहुण्यांस कांहीं कळलें नव्हतें, ते वाटींतला भात खात होते आणि तसबिरा काढीत होते. मग बाईंनीं हळूच विचारिलें, "मी काढला तर?"

बुनमी म्हणाले, "तर त्यांचें बसणें संपेल."

"आणि नाहीं काढला तर तो इथें राहील."

"राहील. तुम्ही दरसाल यावें. आम्ही तुमची व्यवस्था ठेवूं."

चिटणीस लिहितो कीं, या वेळीं बाईंच्या चेहऱ्यावर जें दिसलें तें पाहून आपण मान वळविली. चोवीस वर्षें ज्या पोराचा ठाव नव्हता तो वीस पावलांवर बसला होता, जिवंत नसला तरी बसला होता, आणि त्यास बसवून ठेवणें बाईंच्या हातीं होतें. सरकारांच्या मनांत भय भरलें. ते म्हणाले, "बाई, चला. हें आपल्या आवांक्यांतलें नव्हे. माणसानें यांत पडूं नये."

बाई म्हणाल्या, "सरकार, यांत मीच पाडलें आहे."

मग त्यांनीं पिकुनला जवळ बोलाविलें, तिची हनुवटी धरून मस्तक उजेडाकडे केलें. मंगलानें कपाळावर खोल वळ पाडला होता, बैलाच्या मानेस जुंवाचा घट्टा पडतो तसा, आणि त्या वळांत केंस उगवत नव्हते. बाईंनीं त्यावरून अंगठा फिरविला. म्हणाल्या, "माझ्या एका बोलण्यानें माझें पोर बांधलें गेलें, तें माझें मी सोसलें. दुसऱ्याचें पोर बांधून ठेवायचा मला हक्क नाहीं." आणि उठून आसनाकडे चालूं लागल्या. लांब पडलेली ती सावली बाई जवळ येतां आंखडूं लागली, मार चुकवावयास पोर अंग आवळतें तशी. बाईंनीं पायांतल्या वहाणा काढिल्या, सावलीवर पाय पडूं दिला नाहीं, आणि आसनाच्या मागें हातभर अंतरावर भुईवर मांडी घालून बसल्या.

ज्यांस ऐकूं आलें त्यांनीं सांगितलें तें ऐसें. बाई प्रथम म्हणाल्या, "भाकऱ्या केल्या होत्या." मग म्हणाल्या, "त्या दिवशीं तूं हात आवरलास तें मी पाहिलें होतें. बरोबर केलेंस. मी शिकवलेलें नव्हतें तें, तुझें होतें. मी घरीं हेंच सांगणार होतें." सनई बंद होती, ढोल बंद होते, भातखाचरांतून वारा येई तेवढाच आवाज. "आई बोलते तें सगळेंच का पाळायचें असतें? एवढा मोठा झालास तरी कळूं नये?" आणि मग वस्ताद आखाड्यांत हुकूम देतो त्या आवाजांत, परंतु अगदीं हळू, म्हणाल्या, "सिदू. तोंड दाखव."

आसन फिरतांना कोणीं पाहिलें नाहीं. भिंतीकडे तोंड होतें, आणि मग आखाड्याकडे होतें, आणि पांढऱ्या वस्त्रास सुरकुती पडली होती. चिटणिसानें आपल्या टिपणांत लिहिलें होतें कीं, वाजंत्र्यांपैकीं कोणी हातानें फिरविलें असावें. तें वाक्य सरकारांनीं आपल्या कलमानें खोडिलें आहे, खोडलेलें दिसतें. इतरांस आसन रिकामेंच दिसलें. बाई मात्र वर पाहात राहिल्या, दूध उतूं जाण्यास जितका वेळ लागतो तितका वेळ, आणि एकदां हात पुढें करून कांहीं नीट केल्यासारखें केलें, जसें आई पोराच्या कपाळावरचे केंस मागें सारते. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पिकुनपाशीं आल्या, तिचें मस्तक पुढें घेतलें आणि दोहीं हातांनीं मंगल काढिला. तो सहज निघाला. बाईंचीं बोटें जशीं होतीं तशींच राहिलीं. आसन एकदां करकरलें. बुनमींनीं डोळे मिटून हात जोडिले, आणि त्यांच्यामागें साऱ्या गांवानें जोडिले, आणि पाहुण्यांनीं खेळाचाच भाग समजून टाळ्या पिटल्या.

बाई पिकुनच्या कानाशीं म्हणाल्या, "हरलीस तरी परत ये. पहिलें परत ये, मग बाकीचें."

मग सनई लागली, पिकुन पुन्हा आखाड्यांत चढली आणि लढली. समोरची मुलगी दहा वर्षांनीं लहान आणि शंभर लढायांची मुरलेली. पिकुननें तिसऱ्या डावापर्यंत तग धरिला, एक कोपर ऐसा मारिला कीं सरकार बांकावरून अर्धे उठले, आणि मग बरगडीवर गुडघा बसून खालीं बसली ती उठली नाहीं. हरली. नाकांतून रक्त, एक डोळा मिटलेला, आणि दोरांवरून उतरून थेट कोंडाबाईंच्या पुढें येऊन उभी राहिली, आणि हंसूं लागली, आणि तिला तें हंसणें आवरेना. बाईंनीं पदरानें तिचें नाक पुसलें. म्हणाल्या, "डावा पाय उशिरां उचलतेस. बस, पाणी पी."

तिसरा प्रहर उलटला, स्वारी निघाली. गांवकऱ्यांनीं मंगल बाईंस देऊं केला, बाईंनीं घेतला नाहीं. म्हणाल्या, नदींत सोडा. मोटारींत सरकारांस राहावलें नाहीं, त्यांनीं विचारिलें, "बाई, विचारूं नये, परंतु दिसला का?"

"दिसला."

"कसा होता?"

बाई खिडकींतून बाहेर पाहात होत्या. म्हणाल्या, "केंस पिकले होते त्याचे, सरकार. कानशिलांपाशीं. डोळ्यांखालींही सुरकुत्या. माझ्या बापासारखा दिसूं लागला होता."

दुसरे दिवशीं सरकारांनीं दुभाष्याकरवीं बुनमींस मुद्दाम पुसविलें, आणि उत्तर आलें कीं, गुरुजी निवर्तले ते पस्तिसाव्या वर्षीं, आम्हीं स्वतः त्यांस न्हाऊं घातलें, मस्तकीं एक केंस पांढरा नव्हता. सरकारांनीं हें उत्तर बाईंस सांगितलें. बाईंनीं ऐकलें, आणि म्हणाल्या, "म्हणजे तिथें बसून एकटाच म्हातारा होत होता."

येणेंप्रमाणें सयाम देशचें वर्तमान. स्वारी नवमीस राज्यांत सुखरूप पोंचली, अकरा गेलीं ती अकराच परत आलीं. कोंडाबाई पुढें तालमींत शिकवीत राहिल्या. लिहिणारानें जें ऐकिलें तें लिहिलें, जें पाहिलें तें कमी लिहिलें. वाचणारानें भर दुपारीं वाचूं नये. लेखनसीमा.